एलायस सरांची खुर्ची

जेवण जरा जास्तच झालंय. कराड मागे पडतं, बसच्या खिडकीला डोकं टेकतं आणि मी ना धड जागी, ना धड झोपलेली. आमचा चौदा जणांचा तंतुवाद्यांचा ऑर्केस्ट्रा दौऱ्यावर आहे. आमच्यात समोर उभं राहून हातवारे करणारं कोणी नाही. पहिल्या व्हायोलिनने श्वास घ्यायचा आणि त्या श्वासावर सगळ्यांनी गज टेकवायचे, एवढीच आमची पद्धत. ते पहिलं व्हायोलिन एलायस सरांचं होतं. सर गेल्या वर्षी गेले.

आता ते माझं आहे, असं सगळे म्हणतात. सरांची खुर्ची मात्र प्रत्येक कार्यक्रमात आम्ही रिकामी मांडतो, तिच्यावर त्यांचा गज ठेवतो, आणि मी शेजारच्या खुर्चीतून सुरुवात देते. पुण्यात सुरुवात विस्कटली. साताऱ्यात त्याहून वाईट. आज कोल्हापुरातही तसंच झालं तर दौरा गुंडाळायचा ठरलंय. शहाणपणा करून ते मीच बोलून बसलेय.

ड्रायव्हरमागची सीटही सरांचीच, म्हणून तीही आम्ही मोकळी सोडतो. आता तिथे सर बसलेत, मांडीवर डबा उघडून. मला नवल वाटत नाही, फक्त फार आनंद होतो.

"काय गो केतकी," मागे न बघताच ते म्हणतात, "माझ्या खुर्चीला हार कधी घालताय?"

मी सांगते, सर, तो तुमचा मान आहे. ते हसतात.

मी उठून त्यांच्याकडे निघते. बसमधली वाट काही संपत नाही, आणि चालता चालता पायाखाली स्टेजची लाकडी जमीन येते. खिडक्या अजून दोन्ही बाजूंना आहेत. बाहेर उसाच्या शेतात लोक खुर्च्या टाकून गप्प बसलेत, आमची वाट बघत.

सर मला माझ्या जागी बसवतात आणि पलीकडचा चेलोवाला अभिराम दिसतो का विचारतात. त्याचं फक्त कोपर दिसतं. मधे सरांची खुर्ची आणि तिच्यापुढचं नोटेशनचं स्टँड. बिचारा मान लांब करकरून मला शोधतोय.

"मी तिथे मानासाठी बसत होतो होय?" सर म्हणतात. "तिथून अभिरामचं नाक दिसायचं, म्हणून बसत होतो. मला त्याचं दिसलं म्हणजे त्यालाही माझं दिसतं."

"पण सर, मी तिथे बसले, तर मग तुम्ही..." मला ते हवे असतात. दुसरं काही नाही, ते हवे असतात.

"मी गेलोच आहे, गो. खुर्ची कशाला अडवू?"

ते खुर्चीवरचा गज उचलतात. खिशातून गजाला लावायच्या राळेचा खडा काढून माझ्या चिमटीत देतात आणि त्यावर गज घासतात, सावकाश, टोकापासून मुठीपर्यंत. पांढरी भुकटी बोटांवर झरते. मग गज माझ्या हातात येतो आणि मी बसते. खुर्ची लाकडाची आहे, थोडी डुगडुगते. एवढंच.

आणि सगळे दिसतात. सगळ्यांची नाकं दिसतात. मी श्वास घेते, तो सगळे घेतात, आणि एकच सूर उठतो. अख्खं शेत उभं राहतं. मी इतकी खूश आहे की वाजवता वाजवता हसतेय. सगळ्यांच्या मागे सर डब्याचं झाकण लावतात. आयुष्यात कधी 'छान' न म्हणालेला माणूस मान डोलावतो.

"हां," ते म्हणतात.

ब्रेक लागतो. बस कोल्हापुरात शिरलीय, ऊन अजून उतरलेलं नाही. माझं व्हायोलिन वरच्या फळीवर पेटीत बंद आहे, सकाळपासून उघडलेलं नाही. आणि माझ्या उजव्या अंगठ्यावर, शेजारच्या बोटावर पांढरी, चिकट भुकटी आहे. चोळली तरी जात नाही.

मी उठते आणि पुढे जाऊन ड्रायव्हरमागच्या सीटवर बसते. पलीकडे आमचे व्यवस्थापक बोरवणकर काका फोनवर हॉलवाल्यांना सांगताहेत, नेहमीसारख्या पंधरा खुर्च्या लावा.

"काका," मी म्हणते, "चौदाच सांगा."