विकायचे नसलेले मांडे

लीलाधरच्या पायाला भिंगरी होती आणि डोक्यात दुसरी. छप्पन साली प्रांत मोडला, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. त्याच्या खानावळीत जेवणारे मराठी कारकून बदल्या मागून अकोल्या-नागपूरकडे निघून गेले. नवे साहेब इंदूरकडचे. झालं, आमचा शेजारी सुटला! समोरच्या भोजनालयात कचोरी, म्हणून ह्याच्याकडे कचोरी. तिथं बाटीसारखे माळवी बाफले, तर इथंही बाफले. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी तोंडावर सांगायचो, तो ऐकत नसे. खानावळ बसली तर नेपानगरच्या कागद गिरणीत हमाली करावी लागणार, ह्या भीतीनं त्याला एका जागी बसवत नव्हतं.

आणि घरात बायको कोण, तर मालूबाई! तिच्यासारखे खापरावरचे पुरणाचे मांडे अख्ख्या पेठेत कुणाला जमत नसत. पुरण भरलेला गोळा हातांवर खेळवत ती कोपरापर्यंत पसरवायची आणि उपड्या, तापल्या खापरावर अलगद टाकायची. पण मांडे व्याह्या-जावयासाठी असतात, विकायला नाही. मी विकायचं सुचवलं तेव्हा लीलाधर माझ्यावरच उसळला. "व्याही काय म्हणतीन? पाहुणचार बाजारात नेऊन ठेवला?"

मालूबाईनं त्याला विचारलंच नाही. एका बाजाराच्या दिवशी सकाळीच तिनं खानावळीच्या दारात चूल मांडली.

"कचोरी समोरच्याले करू द्या. मले हे येते, मी हेच करीन."

दुपारपर्यंत बाकं भरली. इंदूरचे साहेब उभ्यानं खात होते. लीलाधर मात्र सारखा आत-बाहेर करत होता, नजर रस्त्यावर.

आणि ज्याची भीती तेच झालं. जसोंडीचे सुकलाल, त्याच्या सुनेचे वडील, केळीची गाडी सोडून दारात उभे. लीलाधरचा चेहरा खर्रकन उतरला. "व्याहीबुवा, हे आपलं आजच्यापुरतं..."

"आजच्यापुरतं नाही," मालूबाई चुलीपुढून म्हणाली.

सुकलालांनी बाकावर बसून दूध-तुपाशी मांडे खाल्ले, हात धुतले आणि पैसे पुढे केले. व्याह्याकडून पैसे! लीलाधर मागेच सरला. "मले पापात पाडू नका."

"घरी पैसे काढले असते तर शिवी झाली असती," सुकलाल म्हणाले. "दुकानात मी फुकट खाल्लं, तर उद्या सारा गोतावळा फुकट बसीन. घ्या."

लीलाधरनं बायकोकडे पाहिलं. ती पुढचा मांडा पसरत होती. त्यानं पैसे घेतले.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला, उठला, पुन्हा बसला. डोळे भरले होते.

"लाज वाटली रे, अन् जीवही थंडा झाला. आता व्याही घरी येतीन का नाही?"

मला त्याची दया आली. खानावळ वाचली, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"बोलाव ना घरी," मी म्हणालो. "पण मालूबाईला विचार, मांडे तर दुकानात गेले, आता ताटात काय वाढायचं?"

तो पुन्हा उठला, आणि ह्या वेळी खरंच तिला विचारायला गेला.