ताईच्या रक्ताचं नाव

चालता चालता ती मधेच थांबायची, गुडघ्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "जरा थांब व. गाडी अडली."

ही पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. सौंसरला आमच्या शेजारी ती आईबरोबर राहायची, बालवाडीत शिकवायची. मी तिला ताई म्हणत असे. थंडी पडली की तिचे सांधे, पाठ असे दुखत, की खाटेवरून उठता येत नसे. गल्ली म्हणे, वात आहे. रोज दुखणाऱ्या माणसाची शेजाऱ्यांना सवय होते, तुम्हीही पाहिलं असेल. मग कोणी विचारत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. सकाळच्या बसने पांढुर्ण्याला जायचं आणि संध्याकाळी शिकलेलं ताईला सांगायचं. घरात दुसरं कोण ऐकणार? रक्ताचा धडा तिला आवडला. लाल पेशी प्राणवायू वाहून नेतात, मी म्हटलं.

"म्हणजे हमाल."

पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. "चौकीदार." जखम झाली की बारीक कणिका तिथे जमून रक्त थांबवतात. "त्या लिंपणाऱ्या बाया."

"आणि निम्म्याहून जास्त पिवळसर पाणीच असतं. सगळं त्यातूनच वाहतं."

"माय उगाच म्हणते, तुह्या रक्ताचं पाणी झालं. ते तर तिच्याही रक्तात आहे."

पुढच्या आठवड्यात सरांनी सिकल सेल शिकवलं. काहींच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि तिथे दुखतं. मी लिहायची थांबले. ताईला सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मले दाखवशील?"

सरांनी परवानगी दिली. तिच्या बोटाला सुई टोचून थेंब काचेवर पसरला, रंग दिला. ताई सूक्ष्मदर्शकावर वाकली ती बराच वेळ उठली नाही.

"हे वाकडे?"

"हो, ताई."

"कसे चुपचाप पडून राहिले. अन् मले रडवतात." मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी ढोंग नव्हती करत."

पुढे नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

त्यानंतर ताईला लोधीखेड्याचं स्थळ आलं. मुलगा लाइनमन होता. तिची आई म्हणाली, "थोडासा वात आहे म्हणू." ताईला लग्न हवं होतं. तिने माझ्याकडून साडी निवडून घेतली. मग विचारलं, "लेकरायले होईन का व?" मुलाच्या रक्तातही तो दोष असला तर होऊ शकतं, मी म्हटलं. आधी त्याचं रक्त तपासावं लागेल.

"मग सांगावंच लागन," ती म्हणाली.

तिने सांगितलं. पाहुण्यांसमोर, स्वतः. मुलाचे मामा म्हणाले, "आमच्या पोराचं रक्त कायले तपासाचं? त्याच्यात काय खोट आहे?" आणि उठले. मुलगा दारात चप्पल घालता घालता थांबला. "लय दुखते का?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने मान हलवली आणि मामांच्या मागे गेला.

पोह्यांच्या बश्या तशाच होत्या. ताईने एक माझ्याकडे सरकवली. "खा व. थंडे होऊन राहिले." थोड्या वेळाने म्हणाली, "विचारलं तरी त्यानं."

नंतर कोणी आलं नाही. पुढच्या शिक्षणासाठी मी छिंदवाड्याला गेले आणि एका हिवाळ्यात ती गेली. माझी परीक्षा चालू होती. घरच्यांनी उशिरा कळवलं.

अजून गल्लीतल्या बाया सांगतात, बिचारी वातानं गेली. मी म्हणते, वात नव्हता, रक्ताचा आजार होता, आणि त्याचं नाव सांगते. त्या नीट ऐकून घेतात. मग एखादी म्हणते, "हो व, वातच तो." ओट्यावर तांदूळ पाखडणारी ताईची आई तेवढी हात थांबवते, माझ्याकडे पाहते आणि पुन्हा सूप हलवू लागते.