मंचरच्या स्पर्धेतली शेवटची फेरी

जुन्नरला वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी आम्ही आठ-दहा जण बुद्धिबळ खेळायचो. लग्नानंतर बायकोला मीच सोंगट्या चालवायला शिकवलं आणि वर्षभरात तीही तिथे यायला लागली. बाई अशी ती एकटीच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मंचरला एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. शेवटच्या फेरीच्या जोड्या लागल्या आणि हॉलमध्ये हशा पिकला. मी आणि माझी बायको समोरासमोर! बरोबरी झाली असती तर दोघंही बक्षिसात बसत होतो. संयोजकांपैकी एक जण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पावणं, तुमचं बरंय राव. चार चाली करा आन् चहाला या."

माझाही तोच विचार होता. घोडे-उंट बाहेर निघाल्यावर मी हळूच विचारलं, "बरोबरी?"

"नको. खेळा तुम्ही," ती म्हणाली. पटावरून नजरसुद्धा काढली नाही.

मला आधी हसू आलं, मग राग आला आणि मी जिद्दीने खेळायला लागलो. तिचा घोडा कोपऱ्यात कोंडला. तो वाचत नव्हता. मला वाटलं, आता ही डाव सोडणार. ती गालाला हात लावून बराच वेळ बसली. घड्याळ चाललं होतं. मग तिने तो घोडा माझ्या राजापुढच्या प्याद्यावर घातला. मी घोडा मारला, पण राजा उघडा पडला. तिथून वजीर आणि दोन्ही हत्ती अशा शिस्तीने आत आले, की मला एक चालसुद्धा मनासारखी करता आली नाही. शेवटी मी हार मानून हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरला.

"वहिनी, लई भारी!" संयोजक म्हणाले. "आता ह्यांना घरी घेता का न्हाई?"

"त्यांनीच शिकवलंय," ती हसून म्हणाली.

परतताना एसटीत मी विचारलं, "बरोबरी का नाही घेतलीस?"

"घरी तुम्ही मला मुद्दाम जिंकू देता. मला कळतं ते. आज राग आला म्हणून तरी खरं खेळलात."

मांडीवर बक्षिसाचा कप घेऊन ती खिडकीबाहेर बघत होती, आणि मी तिच्याकडे.

पुढे आमच्या वाचनालयातल्या मंडळींचे दुसऱ्या गावाशी सामने ठरले तेव्हा सगळ्यात तगड्या खेळाडूचा पहिला पट हिलाच द्या, असं मीच सुचवलं. कुणी हरकत घेतली नाही.