झाकणावरचा जोड

मुंबईच्या दलालाने मला फसवले. दोन तुकडे जोडून केलेले झाकण अखंड पत्र्याचे म्हणून सांगून त्याने माझ्या जिनिंगला बॉयलर विकला, आणि जोडावर काळा रंग फासला.

ते पकडले माझ्या मिस्त्रीने. माणूस फटकळ, मला सेठ म्हणतो, पण सलाम करत नाही. नवा बॉयलर पेटला की तो झाकणासमोर बसून चहा पितो, तेव्हाच मजूर आत येतात. या खेपेला पेटवण्याआधीच त्याने कानशीने रंग खरवडला, जोड पाहिला आणि कप घेऊन अंगणात जाऊन बसला.

"मिस्त्री, भ्यालास का?"

"सेठ, सबंध पत्र्याची ताकद जोडाला येत न्हाई. जोड द्यायचा तर पत्रा जाड पाहिजे. ह्यानं पातळच लावला. तुम्ही बसा बराबर समोर, मी चहा पाठवतो."

अंबडहून आलेल्या कापसाच्या गाड्या फाटकात उभ्या होत्या. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. तो हलला नाही, म्हणून एकही मजूर हलला नाही. असा मिस्त्री अख्ख्या जालन्यात फक्त माझ्याकडे आहे.

आता त्या दलालाने इथे यावे. बॉयलर मी पेटवतो. त्याने झाकणासमोर बसून चहा प्यावा आणि तिथूनच मला जबाब द्यावा.