पिक्चर संपल्यावरचा अंधार

फिल्म क्लब काढला की पिक्चर विसरतात, किस्से उरतात. आमच्या वाशीच्या क्लबचे तर इतके साठलेत की विचारू नका! नव्वदच्या दशकातली गोष्ट. सोसायटीचा हॉल, एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि कर्णिकसाहेब. साहेबांना एका फ्रेंच दिग्दर्शिकेचं वेड. घरातली भांडणं, रुसलेल्या मुली, हट्टी बाप, हेच तिचे पिक्चर. आम्ही तिला नुसतं 'मॅडम' म्हणायचो.

*

पहिल्याच शोला साठे इंजिनिअर हुंदके देताना पकडले गेले. लाइट लागला आणि बिचारे म्हणाले, "सर्दी झालीय!" तेव्हापासून नियमच झाला. पिक्चर संपला तरी लाइट लगेच लावायचा नाही. कर्णिकसाहेब अंधारात विचारणार, "झालं का सगळ्यांचं?" कुणी "थांबा" म्हणालं, की थांबायचं. पुरुषांना रडायलासुद्धा नियम लागतो, दुसरं काय!

*

चांगला सीन आला की साहेब कॅसेट थांबवायचे. एकदा पिक्चरमधल्या बापाने मुलीला दार उघडलं नाही. साहेबांनी तिथेच पॉज दाबला.

"बघा! एवढा कसला अहंकार? पोटची पोर आहे हो!" डोळे भरलेले.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या कर्णिककाकू म्हणाल्या, "मग स्वातीला फोन लावू का?"

साहेबांनी प्ले दाबलं.

*

स्वाती म्हणजे त्यांची एकुलती एक. वाशीजवळच्याच बोनकोडे गावातल्या म्हात्र्यांच्या मुलाशी लग्न केलं म्हणून साहेबांनी तिचं नाव टाकलं होतं. मुलगा शिकलेला, चांगल्या नोकरीला, पण "गावातले!" म्हणे. अहो, आपण फ्लॅट घेतले ती जमीन या गाववाल्यांचीच होती ना? हे आम्ही कुणीच साहेबांना विचारलं नाही. व्हीसीआर त्यांचा होता ना!

*

एकदा स्वातीच्या सासूबाई स्वतः आमंत्रण द्यायला हॉलवर आल्या.

"नातीचा बारसा हाय. तुमी यालाच पायजे."

साहेब टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "पिक्चर चालू आहे."

त्याही टीव्हीकडे बघू लागल्या. पिक्चरमध्ये एक आजोबा नातीला खेळवत होते आणि साहेब रुमाल शोधत होते.

"ती पोरगी यांची कोन?" त्यांनी मला हळूच विचारलं.

*

आता शेवटचा. मॅडमचाच पिक्चर. अंधारात मागच्या रांगेत कुणीतरी येऊन काकूंच्या शेजारी बसलं. शेवटी रुसलेली मुलगी घरी परतते, बाप तिला जवळ घेतो. साहेब ढसाढसा रडले. पिक्चर संपला, तेवढ्यात मागून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

साहेब तडक उठले आणि काही न विचारता लाइट लावला. मागे स्वाती, आणि काकूंच्या मांडीवर नात. साहेबांचे गाल अजून ओले होते.

"हॉल फक्त मेंबरांसाठी आहे," ते म्हणाले.

स्वाती उठली. बाळाला घ्यायला तिने हात पुढे केले. काकूंनी बाळ दिलं नाही. त्याला खांद्यावर घेऊन त्या भिंतीपाशी गेल्या आणि लाइट बंद केला.

"आज विचारलं नाहीत," अंधारात काकूंचा आवाज आला. "माझं अजून झालेलं नाही."