नळाखालचा साहेब

स्कॉटलंडहून आलेल्या बाईंनी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली आणि आमच्या सोप्यातल्या सतरंजीवर उलगडली. कागद पुन्हा पुन्हा गुंडाळायला बघत होता, म्हणून आत्यानं त्याच्या चार कोपऱ्यांवर चार पितळी वाट्या ठेवल्या. मी शेजारी हात मागे बांधून उभा होतो. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, नोकरी नसलेला आणि गणपतीच्या नाटकांत हटकून राजाचं काम करणारा मी त्या दिवशी दुभाषा होतो. सोलापुरात इतका देखणा दुभाषा दुसरा नसेल, याबद्दल मला शंका नव्हती.

कागदावर बाईंचं घराणं होतं. पाच पिढ्या, चौकटींत नावं, नावांना जोडणाऱ्या रेघा. एका चौकटीत जन्माचं साल होतं आणि मृत्यूच्या जागी नुसतं 'सोलापूर' लिहिलेलं होतं. तो बाईंचा आजोबा. गिरणीच्या इंजिनावर साहेब म्हणून आला आणि तापानं गेला. आजी लहानग्या मुलाला घेऊन बोटीनं परतली, ती पुढं नवऱ्याबद्दल फारसं बोललीच नाही. बाई शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. आजोबाच्या थडग्यावरचा दगड डोळ्यांनी बघायचा आणि त्यावरचा मजकूर या चौकटीत उतरवायचा, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. पाद्रीसाहेबांनी त्यांना आमच्याकडं पाठवलं, कारण गावात कुणाचं काही हरवलं की लोक आमच्याच आत्याकडं पाठवायचे.

बाईंनी चौकटीवर बोट ठेवून आडनाव वाचलं. माझे मागे बांधलेले हात सुटले.

ते आडनाव मी आधी एकदा मोठ्यानं वाचलं होतं. चार वर्षांपूर्वी, नाल्याच्या काठी, एका दगडावर. आणि तो दगड या क्षणी आमच्या दारापासून साठ पावलांवर, पेठेतल्या सार्वजनिक नळाखाली पालथा पडला होता. त्याच्यावर धुणं आपटल्याचा आवाज सोप्यात ऐकू येत होता.

दगड आणवला होता आत्यानं. ढकलगाडी ढकलली होती मी.

आत्या वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. सगळी पेठ तिला अक्का म्हणायची. आमच्या पेठेत घरात कुणी कन्नड बोलायचं, कुणी तेलुगू, कुणी मराठी, पण अक्का हा शब्द तिन्हीकडं चालायचा आणि आत्याही तिन्हीकडं चालायची. रेशनकार्ड असो, बाळंतपण असो, नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई असो, आमच्या पायरीवर कुणीतरी बसलेलंच असायचं. वडिलांनी एकदा घरात नळ घ्यायचं काढलं तर ती म्हणाली, "पेठेला पाणी आल्याबिगर माझ्या घरात तोटी नको."

बहात्तरच्या दुष्काळात महापालिकेत खेटे घालून तिनं पेठेला तोटी आणलीच. चाळीस घरांना एक. पण नळाखाली ओटा नव्हता. चिखलात एक पोटुशी बाई घागरीसकट आडवी झाली आणि त्याच दिवशी आत्या दगड शोधायला निघाली. गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीची मागची भिंत पडून काही दगड नाल्यात घसरले होते. त्यातला एक अख्खा होता.

"काय लिवलंय, वाच की," ती मला म्हणाली.

मी वाचलं. नाव, गिरणी, स्कॉटलंड.

"ह्याच्या मागं कुणी असंल?"

"आत्या, आता विलायतेहून कोण येतंय!" मी म्हणालो. एवढ्या आत्मविश्वासानं मी रंगमंचावरही कधी बोललो नव्हतो.

तिनं दगडाला हात जोडले आणि गाडी लावायला सांगितली. नळापाशी आल्यावर मात्र गवंड्याला तिनं बजावलं, "अक्षराला पाय लागता कामा न्हाय. पालथा घाला." कुणाला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या पेठेत वर्तमानपत्राच्या तुकड्याला पाय लागला तरी माणूस वाकून हात लावतो आणि तो हात कपाळाला नेतो. अक्षरं खाली गेली, गुळगुळीत पाठ वर आली. गवंड्यानं कडेनं सिमेंट ओतून नळाची नळी दगडाला धरून पक्की केली.

म्हणजे दगड उचलायचा तर नळी तुटणार. महिना एप्रिलचा. दुरुस्तीचा माणूस यायला महापालिकेच्या मनाचा मुहूर्त लागणार.

दोन दिवस मी बाईंना घेऊन हिंडलो. दगडावरचं नाव हेच, असं मी आत्याच्या कानात सांगितलं होतं; तीही बरोबर होती, खाली बघत चालायची. दफनभूमीत बाई एकेका दगडापाशी गुडघ्यावर बसायच्या, रुमालानं माती पुसायच्या, वाचायच्या, उठायच्या. पाद्रीसाहेबांच्या जुन्या वहीतला थडग्याचा आकडा शेवटी पडक्या भिंतीपाशी जुळला. तिथं नुसता मातीचा उंचवटा होता आणि वर कुसळं. बाई उन्हात उभ्या राहिल्या. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली. मी घसा खाकरून म्हणालो की सोलापूरला वादळं फार होतात. आत्यानं माझ्याकडं बघितलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मी खोटं बोललो की माझे कान हलतात म्हणे.

रात्री ती जेवली नाही. सकाळी मी हळूच म्हणालो, "संध्याकाळच्या गाडीनं जाणार त्या. तेवढी गाडी गेली की सुटलो."

"सुटलो?" ती म्हणाली. "ती बाई समुद्र ओलांडून आली, कुसळं बघून जाणार. आणि तू सुटलो म्हन."

"आणि पाणी? बायका फाडून खातील तुला."

"ते मला कळत न्हाय व्हय?"

बाई निरोप घ्यायला आल्या. आत्यानं त्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली, समोर बसली आणि मला म्हणाली, "सांग तिला. दगड मी आणला. आमच्या नळाखाली हाय. चूक माझी हाय."

माझ्यासमोर दोन बायका, दोघींचे डोळे माझ्यावर. अशी भूमिका नटाच्या वाट्याला रोज येत नाही. मी छातीवर हात ठेवला आणि अतिशय गोड इंग्रजीत सांगितलं की आमच्या आत्यांना फार वाईट वाटतंय, दगड बहुधा पुरात वाहून गेला, पण तुमचे आजोबा आमच्या कायम स्मरणात राहतील.

बाईंनी मान हलवली आणि हसून आत्याचा हात हातात घेतला.

आत्या त्या हाताकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. "तिच्या आज्याचा दगड मी उचलून आणला, आन् ही हसती? काय सांगितलंस तू हिला?"

"तेच."

"मुडद्या, कान हलतायत."

तिनं बाईंचा हात सोडलाच नाही. तसाच धरून त्यांना उठवलं आणि दाराबाहेर ओढलं. मी मागनं धावत होतो, चप्पल घालायचीही शुद्ध नव्हती.

नळावर ही गर्दी. पंधरा-वीस बायका, घागरी, कळश्या. दगडावर बसून धुणं धुणारी तिखट जिभेची म्हातारी, जिचं अख्खं घर हातमागावर होतं. आत्या म्हणाली, "ऊठ." म्हातारी उठली. आत्यानं दगडाकडं बोट केलं, मग बाईंच्या छातीकडं, मग हात उलथा करून दाखवला. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आता मी सगळं खरं सांगितलं, ढकलगाडीसकट. या वेळी त्यात नाटक नव्हतं.

"पालथा का?" त्यांनी विचारलं.

"नावावर कुणाचा पाय पडू नये म्हणून."

त्यांनी वाकून दगडाच्या ओल्या पाठीवर तळहात ठेवला.  एका घागरीत पाणी पडत होतं. मला वाटलं, आता त्या म्हणणार, असू दे, राहू दे. मी मनात त्यांच्या पाया पडून ठेवलं.

"मला ते वाचायचं आहे," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं आणि नळावर जाळ उठला.

"दगड काढला तर पाणी कुटनं भरायचं, अक्का?"

"हितं लेकरं हायती आमची!"

म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढं आली. "मडमला सांग, तिच्या आज्याला आमी रोज आंघोळ घालतोय. तिच्या मुलखात कोण घालत होतं?"

हे मी सांगणार नव्हतो. आत्या म्हणाली, "सांग. आता एक शब्द गाळायचा न्हाय." मी सांगितलं. बाई म्हातारीकडं वळल्या आणि हात जोडले, कसेबसे, बोटं एकमेकांत अडकवून. मग पुन्हा म्हणाल्या की मला ते वाचायचं आहे.

"काढू," आत्या म्हणाली. "नळ बाराला जातोय. तवर घरातली वाटी न् वाटी भरून घ्या. शिव्या मला द्या, पाणी आधी भरा."

शिव्या दिल्या. तीन भाषांत दिल्या. पण भरलं. हंडे, बादल्या, पातेली, एकीनं तर पाळण्याखालचा डबासुद्धा आणला. बाई भिंतीच्या सावलीत उभ्या राहून बघत होत्या. त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. बाराला तोटी गुरगुरली आणि बंद झाली.

चार विणकर पहारी घेऊन आले. आत्या नळीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली. मी म्हणालो, "आत्या, हात सापडंल." ती म्हणाली, "तू गप दगड धर." पहिल्या हिसक्याला सिमेंट तडकलं. दुसऱ्याला दगड हलला. तिसऱ्याला नळी आत्याच्या हातातच काडकन मोडली आणि तिच्या लुगड्यावर ओंजळभर गढूळ पाणी सांडलं. बायकांतून एकच हाय उठली. आत्यानं मोडका तुकडा बाजूला ठेवला. "उलटा," ती म्हणाली.

दगड उलटला. अक्षरांत चिखल बसला होता, काही वाचता येत नव्हतं. बाई गुडघ्यावर बसून नखांनी उकरू लागल्या. तेवढ्यात म्हातारी आपली घागर घेऊन आली. भरलेली, त्या दिवसाची शेवटची. ती तिनं दगडावर ओतली.

अक्षरं कालच कोरल्यासारखी निघाली. बाईंनी बोटानं एकेक ओळ वाचली, मग दगड उन्हात वाळल्यावर कागद पसरून चुलीतल्या कोळशानं सगळं उमटवून घेतलं. त्यांच्या नाकाला काळं लागलं होतं. कुणी हसलं नाही. गाडी चुकली, ती दुसऱ्या दिवशी पकडली.

खरं भांडण मात्र त्याच दुपारी झालं. बाई म्हणाल्या, दगड परत इथंच ठेवा, पण अक्षरं वर. बायका म्हणाल्या, मेलो तरी अक्षरावर पाय देणार नाही. बाई म्हणाल्या, मला चालेल. बायका म्हणाल्या, आमाला चालत न्हाय. मी इकडून तिकडं भाषांतर करून घामाघूम झालो. शेवटी दगड नळामागच्या भिंतीला उभा केला आणि ओट्यासाठी आत्यानं आमच्या न्हाणीतली शहाबादी फरशी उपटून आणली. वडील संध्याकाळी न्हाणीत गेले आणि तिथून जे बोलले ते मी इथं लिहीत नाही.

नळ बावीस दिवस कोरडा होता. बायका लांबच्या विहिरीवरून पाणी आणायच्या आणि येताना आमच्या दारापाशी मुद्दाम आवाज चढवायच्या. आत्या आपली घागर घेऊन त्यांच्यातच चालायची आणि सगळं ऐकून घ्यायची. महापालिकेसाठी तिनं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. मी 'नळी जुनी झाल्याने' असं लिहिलं. तिनं तो वाचून घेतला, फाडला आणि म्हणाली, "मी मोडली, असं लिव." तसं लिहिलं. महापालिकेतल्या साहेबानं अर्ज दोनदा वाचला, आत्याकडं बघितलं आणि म्हणे कपाळाला हात लावला.

तेविसाव्या दिवशी सकाळी तोटीला पाणी आलं. आत्या घागर घेऊन धावली, तर म्हातारीनं पदर खोचून वाट अडवली.

"तुझ्यापायी बावीस दिवस विहिरीवरनं पाणी वाहिलं आमी. शेवटाला जा."

"व्हय की," आत्या म्हणाली, आणि चाळीस घागरींच्या मागं जाऊन उभी राहिली.