बुट्टीखालचं रीळ

हेर्लेकर मास्तरांना निम्मं कोल्हापूर येडं म्हणायचं, उरलेलं निम्मं त्यांना ओळखतच नव्हतं. नृसिंह हेर्लेकर मुलींच्या हायस्कुलात गाणं शिकवायचे. पण वर्गात गाणं कमीच. पहिली दहा मिनिटं पोरींनी डोळे मिटून बसायचं आणि कानावर काय काय आलं ते वहीत लिहायचं. कुणी नुसतं 'गाडी' लिहिलं की मास्तर खवळायचे. "कसली गाडी? भरलेली का रिकामी? आणि एक बैल लंगडतोय, ते कुणी लिहायचं?"

खरं वेड घरी होतं. बासष्ट साली त्यांनी मुंबईहून मोठ्या रिळांचा जुना जर्मन टेपरेकॉर्डर आणला, आणि त्या दिवसापासून पेटीवर धूळ बसली. कबनूरच्या मागांचा खडखडाट, गुऱ्हाळातल्या काहिलीची रटरट, गगनबावड्याला पत्र्यावर कोसळणारा पाऊस, सगळं रिळात भरायचं. मग दाढीच्या ब्लेडनं टेप कापायची, उलटी जोडायची, निम्म्या वेगानं चालवायची. याला ते रचना म्हणत. सदुसष्ट साली हॉल घेऊन कार्यक्रम केला, तर दुसऱ्याच मिनिटाला कबनूरचा एक मागवाला उठला. "हे तर मी रोज फुकट ऐकतोय की," म्हणाला, आणि त्याच्यामागं सगळा हॉल रिकामा झाला. बायको, श्यामलाबाई, तेवढ्या शेवटपर्यंत बसल्या. मास्तरांनी काही मनाला लावून घेतलं नाही असं लोक सांगतात. साफ खोटं. आठ दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कुणीतरी एकदा कान देऊन ऐकावं, एवढीच त्या माणसाची भूक होती.

अशा माणसाच्या दारात चौऱ्याहत्तर साली चिमणाबाई येऊन बसली.

चिमणाबाई उचगावची. तिचा लेक बाळासो रोज सकाळी सायकलला किटल्या अडकवून मास्तरांच्या गल्लीत दूध घालायला यायचा. त्याला हायवेवर ट्रकनं उडवलं. बावीस वर्षांचा पोरगा, जागच्या जागी गेला. तिकडं रीत अशी की, माणूस गेलं की घरात पीठ पसरायचं, त्यावर बुट्टी, म्हणजे वेताची टोपली, पालथी घालायची आणि सकाळी उघडून बघायचं. पाऊल उमटलेलं दिसलं तर जीव येऊन, निरोप घेऊन वाटेला लागला. चिमणाबाईचं पीठ जसंच्या तसं, सपाट. म्हातारीच्या काळजात तेच रुतून बसलं होतं.

"मास्तर, कुणाला ऐकू येत न्हाय ते तुमच्या यंत्राला येतंय म्हणं," ती म्हणाली. "माझा बाळासो सुटला का अडकलाय, तेवढं मला सांगा. मी दुसरं काय मागत न्हाय."

मास्तर गेले. दिवेलागणीला नव्या पिठावर बुट्टी घातली, बुट्टीत माइक ठेवला, यंत्र चालू केलं, सगळ्यांना बाहेर काढून दार ओढून घेतलं. दीड तासाचं रीळ भरलं. घरी येऊन तीनदा ऐकलं. खरखर, आणि मध्ये एकदा पाल चुकचुकली. बस्स.

आता सरळ सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण मास्तरांच्यानं ते होईना. त्यांच्याकडं बाळासोची जुनी हाळी होती, 'दूऽऽध' अशी, दोन वर्षांपूर्वी दारातच टिपलेली. ब्लेड काढलं. हाळी कापली, उलटी केली, वेग उतरवला आणि रिळाच्या मधोमध चिकटवली.

"मेलेल्याच्या नावानं असलं काही करू नका," श्यामलाबाई म्हणाल्या.

"त्या बाईला मी काय तोंड दाखवू?" मास्तर म्हणाले, आणि विषय संपवला.

चिमणाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून रीळ ऐकलं. ती लांबलेली, घोगरी हाळी आली आणि गेली. पुढं नुसती खरखर होती, पण ती इतकी कान देऊन ऐकत होती की यंत्र बंद करायला मास्तरांचा हात उठेना. जन्मात पहिल्यांदा त्यांचं काम कुणी असं ऐकत होतं. लाज वाटली आणि बरंही वाटलं. बरं वाटलं याचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग रोजच. लेकाचं दुधाचं गिऱ्हाईक आता तीच सांभाळत होती. किटली दारात ठेवायची आणि म्हणायची, "लावा की मास्तर." महिनाभर असं चाललं. रोज ती वाळत चालली. शेवटी मास्तरांनी हात जोडले.

"चिमणाबाई, मी पाप केलंय. तो आवाज मी जोडलाय. त्याचीच दुधाची हाळी आहे ती, उलटी केलेली."

"ते पयल्याच दिवशी वळखलंय मी," ती शांतपणे म्हणाली. "लेकाची हाळी आईला कळंना व्हय? मी त्याच्या म्होरलं ऐकाय येतो."

"पुढं काही नाहीय हो."

"हाय की. तो बोलतोय."

मास्तरांनी यंत्राकडं बघितलं. "काय बोलतोय?"

"रोज त्येच इचारतोय तुमास्नी. म्हणतोय, मास्तर, मी वाटंला लागलतो. माझ्याच आवाजात मला हाळी का मारलीसा?" तिनं डोळे पुसले. "तवा सुटलाच हुता, मास्तर. मागं वळूनबी न बघता थेट गेलता, म्हणून तर पीठ सपाट. आता त्येला माघारी जायाची वाट घावंना."

मास्तरांनी रीळ मागं घेतलं, स्पीकरला कान लावला. पोरींना बैलाचा लंगडा पाय ऐकायला शिकवणारा तो माणूस, त्याला नुसती खरखर ऐकू आली. टेप जाळतो म्हणाले, तर चिमणाबाईनं त्यांचा हात धरला. तो आत असताना कशी जाळायची?

त्यानंतर मास्तरांनी कधी टेप कापली नाही. चिमणाबाई येतच राहिली, एकोणऐंशी साली गेली तोवर. तिच्या माघारीही ते रोज सकाळी शाळेला निघण्याआधी ते रीळ लावत. हाळी येऊन गेली की स्पीकरशी वाकून म्हणत, "बाळासो, चुकलं माझं. जा रे बाबा तू." मग डोळे मिटून, कान लावून बसत. तो काही म्हणाला का, गेला का, हे त्यांना सांगणारं आता कुणीच उरलं नव्हतं.